शिट्टी काढायच्या आधी हे वाचा

इंजिनिअरिंगच्या कट्ट्यावर प्रोजेक्टची चर्चा सुरू झाली की कुणीतरी एक जण म्हणतोच, ‘चला, वाफेचं इंजिन करू या!’ आयडिया भारीच आहे. कोडिंग नको, सेन्सर नको. पाणी, आग, पिस्टन आणि फिरणारं चाक. बघणाऱ्याला लगेच कळतं, एक्स्टर्नलही खूश. मग व्हिडिओ शोधायला सुरुवात होते आणि त्यातले काही एकाच वळणावर येऊन थांबतात. जुना प्रेशर कुकर घ्या, झाकणावरची शिट्टी काढा, तिथं पाइप बसवा, खाली बर्नर लावा. झाला बॉयलर तयार!

असा एखादा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आला असेल. चाक गरगर फिरतं, मागे म्युझिक वाजतं, खाली कमेंटमध्ये बदाम पडत राहतात. एक गोष्ट मात्र कुठेच दिसत नाही. हा बॉयलर पेटवण्याआधी तपासला कुणी? कशानं तपासला? किती दाबाला? हा लेख त्या न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. आणि हो, मी मास कॉमची विद्यार्थिनी. लेथ मशीन मी लांबूनच पाहिलंय. पण प्रश्न विचारायला लेथ यावं लागत नाही.

शिट्टीचं खरं काम

आपल्याकडे शिट्ट्या मोजायला कुणाला शिकवावं लागत नाही. ‘तीन झाल्या, बंद कर गॅस!’ हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. पण ती शिट्टी म्हणजे खरं तर एक वजन आहे. कुकरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो झाला की वाफ ते वजन उचलते, जास्तीची वाफ बाहेर पडते आणि दाब खाली येतो. एवढ्या दाबाखाली पाणी १०० नव्हे, तर साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणून डाळ पटकन शिजते.

झाकणावर आणखी एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. शिट्टीचं भोक बुजलं किंवा आतलं पाणी संपलं की तापमान चढत जातं, तो धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे पहिली राखण शिट्टीची, ती चुकली तर दुसरी या प्लगची.

आता शिट्टी काढा, तिथं पाइप लावा आणि पाइपला कॉक बसवा. कॉक बंद केला की पहिली राखण गेली, तीही तुमच्याच हातानं. उरला एकटा प्लग. तो कुकरमध्ये स्वयंपाक होणार हे धरून बसवलेला असतो, तुमचं इंजिन त्याच्या हिशेबात नसतं. आपल्याकडे घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, ही चांगलीच गोष्ट. पण तो मार्क कुकर म्हणून वापरायच्या कुकरला दिलेला आहे. झाकणाला ड्रिल लावलं की त्या मार्कचा काही उपयोग उरत नाही.

बाटलीभर पाणी काय करू शकतं?

‘एवढासा तर आहे, काय होतंय!’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. थोडा हिशेब करून बघू.

हौशी लोक बनवतात त्या छोट्या रेल्वे इंजिनांचा दाब बहुधा साडेपाच ते सात बारच्या आसपास असतो. एक बार म्हणजे जवळपास दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. सात बारला बॉयलरमधलं पाणी सुमारे १७० अंशांवर असतं, तरीही ते पाणीच राहतं, कारण दाबानं त्याला दाबून धरलेलं असतं. समजा एखादा जोड उकलला. दाब एकदम जातो आणि १७० अंशांचं पाणी बाहेरच्या हवेत पाणी म्हणून टिकूच शकत नाही. त्यातला साधारण १३ टक्के भाग तिथल्या तिथे वाफ होतो. एक किलो पाणी असेल, तर तयार होणारी वाफ भरते सुमारे २२० लिटर. म्हणजे एका बाटलीभर पाण्यातून २०० लिटरचं मोठं पिंप भरून उरेल इतकी वाफ, तीही पापणी लवायच्या आत. उरलेलं उकळतं पाणी आणि पत्र्याचे तुकडे वेगळेच.

वाफेनं भाजणं म्हणजे काय, हे कुकरचं झाकण घाईनं उघडलेल्या कुणालाही विचारा. तिथं दाब जवळजवळ उतरलेला असतो. इथं तो पूर्ण असतो.

क्लबमधला शेजारी, तोच इन्स्पेक्टर

हा छंद जिथं सगळ्यात जुना आणि मोठा आहे, त्या इंग्लंडमध्ये हे कसं सांभाळतात? तिथं ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं मासिक १८९८ पासून निघतंय. गावोगावी क्लब आहेत. सदस्य घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं खपून खरीखुरी, कोळशावर चालणारी इंजिनं बनवतात. रुळांमधलं अंतर पाच इंच, म्हणजे १२.७ सेंटिमीटर. आपल्या वितीपेक्षाही कमी! पण त्यावर इंजिन माणसांना बसवून ओढत नेतं. सुट्टीच्या दिवशी क्लबच्या रुळांवर लहान मुलांच्या फेऱ्या चालतात. मुलं बसतात त्या डब्याच्या पुढेच सहा-सात बार दाबाचा बॉयलर धडधडत असतो. म्हणूनच नियम कडक.

तिथल्या क्लबांच्या महासंघांनी मिळून बॉयलर तपासणीची एक नियमावली केली आहे. क्लब आपल्याच अनुभवी सदस्यांमधून बॉयलर इन्स्पेक्टर नेमतो. तो बॉयलर तपासतो, चाचणी घेतो, प्रमाणपत्र देतो. प्रमाणपत्र नसेल तर इंजिन क्लबच्या रुळावर येत नाही आणि विम्याचं कवचही मिळत नाही. यातला मला सगळ्यात आवडलेला नियम अगदी साधा आहे. इन्स्पेक्टरनं स्वतःचा बॉयलर स्वतः पास करायचा नाही. तो कितीही मोठा जाणकार असो, त्याचा बॉयलर दुसऱ्यानंच बघायचा. परीक्षेत आपला पेपर आपणच तपासला तर काय होईल, तेवढंच कारण!

ऑस्ट्रेलियातही हौशी लोकांनी अशीच समिती उभी केली. तिथं तांब्याच्या बॉयलरसाठी वेगळी पुस्तिका आहे, स्टीलसाठी वेगळी आणि अगदी चिमुकल्या बॉयलरसाठी आणखी वेगळी.

वापरणाऱ्यांनीच एकमेकांचं तपासायचं, ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांचे बॉयलर फुटायचे आणि माणसं मरायची. सरकारी कायदा यायच्या आधी, १८५४ मध्ये, मँचेस्टरच्या वाफ वापरणाऱ्या कारखानदारांनी स्वतःची संघटना काढली आणि बॉयलर तपासायला माणसं नेमली. विल्यम फेअरबेर्न हा नामवंत इंजिनिअर त्यात पुढे होता. आजचे क्लब त्याच वाटेनं चाललेत.

आधी पाणी, मग वाफ

तपासणीत नेमकं काय होतं? बॉयलर नवीन असेल तर तो आधी पेटवतच नाहीत. त्यात थंड पाणी काठोकाठ भरतात, आत हवेचा बुडबुडाही राहू देत नाहीत. मग हातपंपानं दाब वाढवत नेतात, तो चालवायच्या दाबाच्या दुप्पट होईपर्यंत. बॉयलर सात बारला चालणार असेल तर चाचणी चौदा बारला. तिथं थांबून बघायचं. कुठे थेंब येतोय का, पत्रा फुगतोय का, काटा खाली सरकतोय का? पुढच्या वर्षांतल्या चाचण्या दीडपट दाबाला होतात. स्टील गंजतं, म्हणून त्याची पाळी तांब्यापेक्षा लवकर येते.

पाणीच का? कारण पाणी दाबून फारसं आकसत नाही. त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. जोड उकललाच तर एक चिळकांडी उडते, काटा शून्यावर येतो आणि विषय संपतो. तेच काम कॉम्प्रेसरच्या हवेनं केलं, तर दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ताणून बसते आणि जोड सुटला की बॉयलरचेच तुकडे फेकते. म्हणून बॉयलरची पहिली चाचणी हवेनं घ्यायची नाही, कधीच नाही. हे वाक्य ग्रुपवर पिन करून ठेवलंत तरी चालेल.

पाण्याची चाचणी पास झाली की वाफेची, साधारण दर वर्षी. आग पूर्ण पेटवायची, वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि फक्त सेफ्टी व्हॉल्व्हवर सोपवायचं. आग कितीही भडकली, तरी दाब ठरलेल्या आकड्याच्या दहा टक्क्यांपेक्षा वर जाता कामा नये. गेला तर व्हॉल्व्ह बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह नुसता असून भागत नाही, आग जेवढी वाफ बनवते तेवढी सगळी त्याला बाहेर टाकता आली पाहिजे.

इन्स्पेक्टर आणखी एक गोष्ट विचारतो. जोड कशानं केलेत? इथं आपल्यातले बरेच जण गडबडतील. इलेक्ट्रॉनिक्सचं नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. सात बारला पाणी १७० अंशांवर असतं, हे वर पाहिलंच. मध्ये उरले जेमतेम तेरा अंश, आणि पत्र्याला थेट ज्वाळा लागतेय! म्हणून तांब्याचा बॉयलर सिल्व्हर सोल्डरनं जोडतात. ते वितळायला ६०० अंशांच्या वर जावं लागतं. बॉयलरला नळ्या आणि व्हॉल्व्ह बसवायचे तुकडेही पितळेचे चालत नाहीत. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो भुसभुशीत तुकडा. त्या जागी ब्राँझ किंवा गनमेटल वापरतात. बाहेरून दोन्ही सारखेच पिवळे दिसतात. व्हिडिओत तर नाहीच ओळखू येत.

मेडिनाची संध्याकाळ

‘इतकं कशाला? जुनी माणसं वापरतच होती की!’ असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात चला. २९ जुलै २००१, रविवारची संध्याकाळ. मेडिना गावात मोठी जत्रा भरणार होती आणि मैदानावर वाफेवर चालणारा एक जुना अवजड ट्रॅक्टर आणला होता. आपण मॉडेल म्हणतो तसा तो छोटा नव्हता. मूळ शेतीकामाचा, पण आता हौसेनं जपलेला आणि प्रदर्शनात चालवला जाणारा. त्याचा बॉयलर फुटला. पाच माणसं गेली, सुमारे ५० जखमी झाली. चालवणारे नवखे नव्हते, वाफेच्या यंत्रांवर जीव असलेली माणसं होती.

चौकशीत जे निघालं ते ओळीनं वाचा. आगीच्या कोठीचं छत पाण्याखाली बुडालेलं असावं लागतं, तिथलं पाणी खाली गेलेलं. तो पत्रा वर्षानुवर्षं झिजून पातळ झालेला. आणि पाणी कमी झालं की वितळून इशारा द्यायचा तो प्लग, आपल्या कुकरच्या प्लगचाच थोरला भाऊ, काम करण्याच्या स्थितीत नव्हता.

पाण्याची पातळी इतकी महत्त्वाची का? पातेल्यात पाणी असेपर्यंत पातेलं करपत नाही, हे स्वयंपाकघरात आपण रोज बघतो. आगीची उष्णता पाणी ओढून घेत असतं. पाणी सरलं की धातू तापत जातो, मऊ पडतो आणि मग आतला दाब त्याला फाडतो. दाबाचा आकडा नेहमीचाच असला तरी! म्हणून काचेच्या नळीत दिसणारी पाण्याची रेघ दाबाच्या काट्याइतकीच बघायची असते.

त्या वेळी ओहायोत अशा ऐतिहासिक बॉयलरांना तपासणीची सक्ती नव्हती. अपघातानंतर कायदा झाला. तपासणी आली, चालवणाऱ्याला परवाना आला. आपल्याकडचा इतिहासही काही वेगळा नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात एक बॉयलर फुटला, अनेक जण दगावले आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. आधी स्फोट, मग कायदा. हा क्रम कुठेच बदललेला दिसत नाही.

आपली रेष २५ लिटरची

गाळप हंगाम सुरू होताना साखर कारखान्यांच्या ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ समारंभाच्या बातम्या तुम्ही याच पेपरात वाचता. ते बॉयलर कायद्याखाली येतात. त्यांची नोंदणी होते, राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडून तपासणी होते, चालवायला परीक्षा पास झालेला माणूस लागतो. १९२३ चा कायदा शंभर वर्षं चालला. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला.

पण जुन्या कायद्यात असलेली एक रेष नव्यातही आहे. क्षमता २५ लिटरपेक्षा कमी असेल तर ते भांडं कायद्याच्या भाषेत बॉयलरच नाही. तसंच दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा कमी असेल किंवा पाणी १०० अंशांच्या आतच तापवायचं असेल, तरीही नाही. तिन्हींपैकी एक अट पुरली की सुटका.

आता गंमत बघा. २४ लिटरचा बॉयलर सात बारला चालवला, तरी तो कायद्याच्या बाहेर. इंग्लंडच्या क्लबवाल्यांची मोजपट्टी वेगळी आहे. ते दाब आणि लिटर यांचा गुणाकार करतात आणि त्याला बार-लिटर म्हणतात. ३ बार-लिटरच्या आतलं खेळणं वेगळ्या, सोप्या नियमांत बसतं. त्याच्या वर मुख्य नियमावली सुरू. आपल्या २४ लिटरवाल्याचा गुणाकार येतो १६८. तिथं त्याला चाचणीशिवाय कुणी उभंही करणार नाही. इथं त्याच्याकडे बघायला कायद्यानं कुणी येत नाही.

याचा अर्थ कायदा चुकीचा आहे, असं नाही. तो कारखान्यांसाठी आहे आणि प्रत्येक इस्त्रीवाल्याच्या, कॉफीवाल्याच्या दारात इन्स्पेक्टर पाठवणं शक्यही नाही. प्रश्न आपल्या समजुतीचा आहे. ‘परवानगी लागत नाही’ हे ऐकलं की आपण ‘म्हणजे सेफ असेल’ असं धरून चालतो. रेषेच्या खाली कायदा गप्प बसतो. तिथली जबाबदारी मग बनवणाऱ्यावर येते आणि कॉलेजवर येते. इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी ती स्वतःहून उचलली. आपल्याकडे बॉयलर असलेला प्रोजेक्ट पाण्याची चाचणी झाल्याशिवाय पेटवायचा नाही, एवढा नियम कुठलंही कॉलेज उद्या करू शकतं. त्याला ना शासनाचा जीआर लागतो, ना मोठं बजेट. नव्या बिल्डिंगमध्ये प्लंबर पाइप तपासतात, तो हाताचा टेस्ट पंप पाहिलाय ना? चाचणीला तसाच पंप लागतो.

मग करायचंच नाही का?

करा की! फक्त असं करा:

• नुसतं इंजिन दाखवायचं असेल तर बॉयलर बनवूच नका. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावा आणि कमी दाबाच्या हवेवर इंजिन फिरवा. हवा कंपनीनं बनवलेल्या टाकीतून थेट इंजिनात जाते, मध्ये तुमचा घरगुती बॉयलर येत नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग सगळं तसंच दिसतं.

• वाफेचीच मजा हवी असेल तर जत्रेत मिळायची ती दिव्यावर चालणारी, फटफट आवाज करणारी पत्र्याची बोट आठवा. तिच्या नळ्यांची तोंडं पाण्यात उघडी असतात, त्यामुळे आत दाब कोंडत नाही. तत्त्व तेच, धोका फारच कमी.

• बॉयलर बनवायचाच असेल तर सिद्ध झालेलं डिझाइन घ्या. पत्र्याची जाडी, जोड, धातू यांत ‘हे नाही मिळालं, ते लावलं’ करू नका. इथं जुगाड नको.

• सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बॉयलर यांच्यामध्ये कॉक कधीच नको. व्हॉल्व्ह गळतोय म्हणून स्क्रू आवळणं, हाही कॉक बंद करण्याचाच प्रकार.

• पाण्याची पातळी दिसेल अशी काच हवी, दाबाचा काटा दुसऱ्या चांगल्या काट्याशी ताडून बघितलेला हवा.

• पहिली चाचणी थंड पाण्यानं, दुप्पट दाबाला आणि ती बनवणाऱ्यानं नाही, दुसऱ्या जाणकारानं घ्यायची. तारीख, दाब, सही वहीत लिहून ठेवायची.

• कुकर वरण-भातासाठी राहू द्या.

तुम्ही इंजिनिअरिंगचे नसाल, माझ्यासारखेच असाल, तरी यात तुमचं काम आहे. पुढच्या टेक-फेस्टमध्ये एखाद्या टेबलावर वाफ सोडणारं इंजिन दिसलं आणि भोवती मोबाइल घेऊन गर्दी झाली, तर रील काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. पाण्याची टेस्ट कधी झाली? किती दाबाला? कुणी घेतली? ज्यानं मनापासून काम केलंय तो आनंदानं वही काढून दाखवेल, वर अर्धा तास समजावतही बसेल. आणि उत्तर ‘अरे, काही होत नाही रे’ असं आलं, तर बर्नर बंद करायला सांगा आणि स्वतः चार पावलं मागे व्हा. शेजारच्या मित्रालाही ओढून घ्या.